तान्ही मुले घेऊन परदेशी थीम पार्कला जाताना : हिशेब कसा मांडावा?

कोरेगावच्या बाजारपेठेतील आल्याचे एक व्यापारी गेल्या महिन्यात एक रंगीत माहितीपत्रक घेऊन आमच्याकडे आले. दुबईची सात रात्री आणि आठ दिवसांची सहल, त्यात दोन दिवस थीम पार्क. पत्रकाच्या खालच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत छापले होते, 'दोन वर्षांखालील बाळ मोफत'. घरात पाच माणसे : ते स्वतः, पत्नी, पावणेचार वर्षांची मुलगी, बावीस महिन्यांचा मुलगा आणि मुलांची दादी. त्यांचा प्रश्न सरळ होता. बाळ फुकट आहे तोवर जाऊन येणे फायद्याचे, की थांबणे फायद्याचे?

व्यापाऱ्याने विचारावा असाच हा प्रश्न आहे. आपल्या भागातील अनेक घरांतील कोणी ना कोणी आखाती देशांत नोकरीला आहे. 'एकदा मुलांना घेऊन या' असा तिकडून आग्रह होतो आणि इकडे सहल कंपन्यांची पत्रके येतात. खर्च मात्र वर्षाच्या बचतीतून होतो. म्हणून आम्ही हा विषय हौसेचा न मानता हिशेबाचा मानून येथे मांडत आहोत.

भाजीवर कोथिंबीर

आपले बागवान बंधू भाजीवर कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट टाकतात. गिऱ्हाईक खूश होते, आणि कोथिंबिरीचे पैसे भाजीत आलेले असतात. थीम पार्कमधील बाळाच्या फुकट तिकिटाचे तसेच आहे. हे समजून घेण्यासाठी जत्रा आणि थीम पार्क यांच्या धंद्यातील फरक पाहावा लागतो.

मिरजेला मीरासाहेबांच्या उरुसात किंवा आपल्याकडच्या कोणत्याही जत्रेत आकाशपाळणा उभा राहतो. तेथे मैदानात शिरायला पैसे लागत नाहीत. जो पाळण्यात बसेल त्याने पैसे द्यायचे. आई बाळाला कडेवर घेऊन खाली उभी राहिली तर तिला एक पैसाही पडत नाही. थीम पार्कचा व्यवहार याच्या उलट आहे. तेथे दरवाजावरच सगळ्या राइडचे पैसे एकरकमी घेतले जातात. आत गेल्यावर वीस राइड घ्या किंवा एकही घेऊ नका, दाम तोच.

हे पूर्वीपासून असे नव्हते. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले तेव्हा तेथेही प्रवेशाचे पैसे वेगळे आणि राइडचे वेगळे, असा जत्रेच्या जवळचाच हिशेब होता. पुढे राइडच्या तिकिटांची पुस्तके निघाली. १९८२ साली ती बंद झाली आणि एका तिकिटात सर्व राइड ही पद्धत आली. आज जगभरातील बहुतेक मोठ्या थीम पार्कांत हीच पद्धत आहे.

ज्या घरात सगळी मुले दहा-बारा वर्षांची आहेत त्यांना ही पद्धत परवडते, कारण ते सकाळपासून रात्रीपर्यंत राइड घेऊन पैसे वसूल करतात. तान्हे मूल असलेल्या घराचे मात्र यात नुकसान होते. बाळाचे तिकीट नसते हे खरे, पण बाळ सांभाळणाऱ्या आईचे पूर्ण तिकीट लागते आणि ती दिवसभर बहुतेक राइडच्या बाहेर उभी असते. दादी तर एकाही वेगवान राइडमध्ये बसणार नाही, तरी तिचेही तिकीट पूर्ण.

वॉल्ट डिस्ने यांनी सांगितलेली हकिकत प्रसिद्ध आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्यांच्या मुली गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांवर बसत आणि ते स्वतः बाकावर बसून राहत. मोठ्यांना आणि मुलांना मिळून मजा करता येईल अशी जागा असावी, हा विचार त्यांना तेथे सुचला. त्यांच्या मुली तेव्हा चालत्या-बोलत्या होत्या. तान्हे मूल बरोबर असेल तर आजही घरातले कोणीतरी बाकावरच बसते. फरक इतकाच की आता त्या बाकाचेही तिकीट भरलेले असते.

दोन वर्षे, तीन वर्षे आणि एक मीटर पाच

मुलाच्या वयाचे आणि उंचीचे काही टप्पे आहेत. सगळा खर्च त्या टप्प्यांवर हलतो. पहिला टप्पा विमानाचा. दोन वर्षे पूर्ण न झालेले मूल मांडीवर बसते आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचे भाडे साधारणपणे मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के असते. म्हणजे तेही पूर्ण फुकट नाहीच. दोन वर्षे पूर्ण झाली की स्वतंत्र आसन घ्यावे लागते. त्याचे भाडे मोठ्या विमान कंपन्यांत मोठ्यांच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास, तर कमी भाड्याच्या कंपन्यांत बहुधा पूर्ण.

हिशेबापुरते जाण्यायेण्याचे भाडे माणशी २४,००० रुपये धरू. मांडीवरच्या बाळाचे २,४०० होतील. तेच बाळ दोन वर्षांचे झाले की १८,००० ते २४,००० होतील. फरक सोळा ते साडेएकवीस हजारांचा. आमच्या व्यापारी मित्रांचे लक्ष या फरकाकडे होते आणि ते योग्यच होते. परंतु त्यांच्या हातातील पत्रकात एक गोम होती. सहल दोन महिन्यांनंतरची होती आणि मुलाचा दुसरा वाढदिवस सहलीच्या पाचव्या दिवशी येत होता. वय प्रवासाच्या प्रत्येक टप्प्याच्या तारखेला मोजले जाते. म्हणजे जाताना मूल मांडीवर आणि येताना त्याला आसन हवे. हे आधी सांगितले नाही तर परतीच्या विमानतळावर ऐन वेळच्या दराने आसन विकत घ्यावे लागते. त्या दिवशीचा दर कोणाच्या दयामायेचा नसतो.

दुसरा टप्पा थीम पार्कच्या दरवाजाचा. डिस्नेच्या अमेरिका, पॅरिस आणि हाँगकाँग येथील पार्कांत तीन वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओत ही मर्यादा चार वर्षांची आहे. दुबईच्या आयएमजी वर्ल्ड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचरमध्ये वयाऐवजी उंची पाहतात. १ मीटर ५ सेंटिमीटरपेक्षा ठेंगण्या मुलाला प्रवेश फुकट. उंचीच्या पट्टीशी मूल उभे करण्याची पद्धत आपल्याकडेही आहे.

तिसरा टप्पा राइडचा, आणि पत्रकात हा कधीच छापलेला नसतो. प्रत्येक मोठ्या राइडला किमान उंची लागते. पॅरिसच्या डिस्नेलँडमधील बिग थंडर माउंटन या खाणीच्या गाडीसाठी १ मीटर २ सेंटिमीटर, तर अंधारातून धावणाऱ्या हायपरस्पेस माउंटनसाठी १ मीटर २० सेंटिमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार मुलांची मध्यम उंची दोन वर्षांना ८६-८७ सेंटिमीटर, तीन वर्षांना ९५-९६, चार वर्षांना १०३ च्या आसपास आणि पाच वर्षांना ११० च्या आसपास असते. याचा अर्थ असा की चौथ्या वर्षापर्यंत बहुतेक मुले मोठ्या राइडच्या पट्टीखालीच राहतात. ज्या वयात तिकीट फुकट, त्या वयात माल मिळत नाही. मुलाची उंची मोजायला शिंपी लागत नाही, गोदामाच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण पुरते. सहलीचे पैसे भरण्याआधी ती खूण करावी.

याचा अर्थ लहानांसाठी तेथे काहीच नाही, असा नव्हे. संथ होड्या, फिरते घोडे, बाहुल्यांची मिरवणूक हे तान्ह्यांनाही चालते. ऑक्टोबर २०१६ मध्ये दुबईत सुरू झालेले लेगोलँड तर दोन ते बारा वर्षांच्या मुलांसाठीच बांधलेले आहे. दोन ते पाच वयाची मुले असतील तर उंच झोके आणि भन्नाट वेग असलेल्या पार्कापेक्षा असे ठिकाण निवडावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. सहल कंपनीच्या पत्रकात जे पार्क आहे ते तिच्या सोयीचे असते, तुमच्या मुलांच्या वयाचे असेलच असे नाही.

आणखी एक सोय माहीत असावी. डिस्ने आणि युनिव्हर्सलच्या पार्कांत आई आणि वडील आळीपाळीने राइड घेऊ शकतात. एक जण रांगेतून जाऊन राइड घेऊन येतो, तोवर दुसरा बाळाजवळ थांबतो. मग दुसऱ्याला पुन्हा संपूर्ण रांग लावावी लागत नाही. यासाठी वेगळे पैसे नाहीत, पण आपणहून कोणी सांगतही नाही. राइडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला विचारावे लागते.

उंबऱ्यापासूनचे तास

सहल कंपनी सांगते, मुंबई ते दुबई तीन तास. कोरेगावकराने हे तीन तास विसरून जावे. आपल्या उंबऱ्यापासून मुंबईचा विमानतळ पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. सातारा, खंबाटकीचा बोगदा, पुण्याचा बाहेरचा रस्ता, द्रुतगती मार्ग आणि मुंबईची गर्दी धरून सहा-सात तास जातात. त्यात बाळ बरोबर असेल तर दोन थांबे जास्त. विमानाच्या तीन तास आधी पोहोचायचे. उतरल्यावर तपासणी, सामान आणि गाडी यांत दीड-दोन तास. म्हणजे तीन तासांच्या विमानासाठी मूल चौदा-पंधरा तास घराबाहेर राहते. सिंगापूरला साडेपाच तासांचे विमान धरले तर हा आकडा सतराच्या पुढे जातो. पॅरिसला बावीस. अमेरिकेतील ऑर्लंडोला मुंबईहून थेट विमान नाही. तिकडे जाताना दीड दिवस मूल प्रवासात असते.

मुंबईसाठी पुण्यापर्यंत आगगाडीने जाण्याचा विचार काही जण करतात. पुणे-मिरज मार्गावर आपले स्टेशन आहे हे खरे, पण दोन बॅगा, बाबागाडी आणि झोपलेले मूल घेऊन पुण्यात गाडी बदलणे हे काम सोपे नाही. घरची किंवा भाड्याची गाडी या एका प्रवासापुरती महाग वाटली तरी घ्यावी. नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली आहेत. तेव्हा तिकिटावर कोणत्या विमानतळाचे नाव आहे ते नीट वाचावे. आपल्या बाजूने येणाऱ्याला पनवेलकडचा तो विमानतळ अलीकडे पडतो, पण विमान तेथून सुटत असेल तरच त्याचा उपयोग. पुण्याहूनही आखाताकडे थेट विमाने असतात. ती कधी सुरू होतात, कधी बंद पडतात. तिकीट काढताना चौकशी करावी. दोन-तीन हजार जास्त पडले तरी तान्ह्या मुलासाठी पुण्याचे विमान स्वस्तच ठरेल.

घड्याळाचा फरकही पाहावा. दुबई आपल्या दीड तास मागे आहे. आपल्याकडे सकाळी साडेसहाला उठणारे मूल तेथे पाचला उठून बसेल, एवढेच. सिंगापूर अडीच तास पुढे आहे. तेथे मूल रात्री उशिरा झोपेल आणि सकाळी उशिरा उठेल, हे तर सोयीचेच. ऑर्लंडोमध्ये दिवसाची रात्र होते. मोठ्या माणसालाही घड्याळाच्या प्रत्येक तासामागे एक दिवस लागतो असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. आठ दिवसांच्या सहलीत मूल रुळायच्या आत परत निघायची वेळ येईल. म्हणून चार वर्षांखालील मुले घेऊन अमेरिकेच्या थीम पार्कला केवळ सहलीसाठी जाऊ नये. तेथे मुलगा किंवा मुलगी राहत असेल आणि महिनाभर मुक्काम असेल तर गोष्ट वेगळी.

अबुधाबीच्या यास बेटावर डिस्नेचे थीम पार्क होणार असल्याची घोषणा मे २०२५ मध्ये झाली आहे. ज्यांना डिस्नेच पाहायचे आहे आणि ज्यांची मुले आज तान्ही आहेत, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ते उभे राहीपर्यंत मुले पट्टीच्या वर गेलेली असतील.

जन्मदाखला, पासपोर्ट आणि नाव

आमच्या अनुभवात सहली मोडतात त्या पैशांमुळे कमी आणि कागदांमुळे जास्त. तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. आईच्या पासपोर्टावर बाळ जात नाही. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत येतात. २०१७ पासून टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रे उघडू लागल्याने धावपळ बरीच कमी झाली आहे.

पासपोर्टसाठी जन्मदाखला हवा. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच चालतो. आपल्याकडे घोटाळा येथेच होतो. बाळ दवाखान्यात जन्मते तेव्हा नाव ठरलेले नसते. नोंद 'अमुकची मुलगी' अशी होते आणि दाखल्यात नावाची जागा कोरी राहते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. हे काम आधी करावे. सहलीचे पैसे भरल्यावर नगरपंचायतीच्या खेपा घालणे जिवावर येते.

नाव कसे लिहावे याकडे मुस्लिम घरांनी विशेष लक्ष द्यावे. वडिलांच्या आधार कार्डावर 'मोहम्मद', पासपोर्टवर 'मोहं.' आणि बाळाच्या दाखल्यात 'महंमद' असे तीन प्रकार आम्ही एकाच घरात पाहिले आहेत. आईच्या पासपोर्टवर माहेरचे नाव आणि दाखल्यात सासरचे, हा तर नेहमीचा प्रकार. याहून महत्त्वाचे म्हणजे आडनावाची जागा कोरी ठेवून सगळे नाव एकाच रकान्यात भरण्याची सवय. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच शब्दाचे नाव असलेल्यांना भेटीच्या व्हिसावर प्रवेश न देण्याचे ठरवले. नंतर पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असेल तर सवलत देण्यात आली. बाळाचा पहिलाच पासपोर्ट काढताना नाव आणि आडनाव दोन्ही रकाने भरले तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

अर्जावर आई आणि वडील दोघांचे संमतीपत्र लागते. चार वर्षांखालील बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो घरून काढून न्यावा लागतो. छायाचित्रकाराकडे बाळ झोपलेले असताना जाऊ नका, डोळे उघडे हवेत. हा पासपोर्ट पाच वर्षे चालतो. सहल पुढे ढकलली तरी तो वाया जात नाही.

व्हिसाच्या बाबतीत एक सवलत अनेकांना भुरळ घालते. २०१८ साली अमिरातीने १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात पालकांबरोबर येणाऱ्या १८ वर्षांखालील मुलांचे पर्यटक व्हिसाचे शुल्क माफ केले. पण ती मोठ्या मुलांच्या शाळेच्या सुट्टीची गोष्ट आहे. त्या दिवसांत दुबईचा पारा चाळिशीच्या वर असतो. व्हिसाचे पैसे वाचवून तान्हे बाळ त्या उन्हात नेणे म्हणजे दवाखान्याच्या खर्चाला आमंत्रण. खरी सवलत दुसरीकडे आहे. तुमची मुले शाळेत जात नाहीत, म्हणजे तुम्ही दिवाळी आणि मे महिन्याला बांधलेले नाही. सगळे जग ज्या दिवसांत घरी असते त्या दिवसांत भाडे उतरलेले असते आणि पार्कातील रांगाही तोकड्या. नोव्हेंबर ते मार्च तिकडे हवा चांगली असते. त्यातला सुट्टीचा काळ टाळून मधला आठवडा धरावा. रमजानमध्ये पार्कांच्या वेळा बदलतात, त्याची चौकशी करावी.

विमानात आणि पार्कात

पाळण्याबद्दल लोकांचे मोठे गैरसमज आहेत. विमानात बाळासाठी पाळणा मिळतो, पण तो ठरावीक आसनांसमोरच बसतो आणि संख्येने थोडा असतो. वजनाची मर्यादा साधारण दहा-अकरा किलोची असते. दीड-दोन वर्षांचे अंगाने भरलेले मूल त्यात बसत नाही. कमी भाड्याच्या विमानांत पाळणा बहुधा नसतोच. आमच्या घरातील एका तान्ह्यासाठी आम्ही तिकिटाबरोबरच पाळणा सांगून ठेवला होता. विमानात गेल्यावर तो दुसऱ्या कोणाला दिलेला आढळला. भांडून रात्र गेली असती, मूल झोपले नसते. आम्ही आळीपाळीने मांडी दिली. तेव्हापासून आम्ही पाळणा मिळाला तर नफा असे धरतो.

विमान उतरू लागले की हवेच्या दाबामुळे कान दुखतात. मोठा माणूस आवंढा गिळतो, बाळाला ते सांगता येत नाही. म्हणून उतरण्याच्या अर्धा तास आधीपासून त्याला अंगावर पाजावे किंवा बाटली द्यावी. मूल आधीच पोटभर पिऊन झोपले असेल तर उतरताना ते रडत उठते. दूध थोडे राखून ठेवणे ही शहाणी आईच करू जाणे. सुरक्षा तपासणीत १०० मिलिलिटरचा नियम असला तरी बाळाचे दूध, खाणे आणि औषध प्रवासापुरते नेता येते.

सामानातील एक जिन्नस घरातील वडीलधाऱ्यांना जरूर सांगावा. बाळंतिणीसाठी किंवा पाजणाऱ्या आईसाठी डिंकाचे लाडू बांधून देण्याची आपली रीत आहे. त्यात खसखस असते. अमिरातीत खसखशीला बंदी आहे आणि ती सापडल्यास गुन्हा दाखल होऊ शकतो. लाडू न्यायचेच असतील तर खसखस न घालता बांधावेत, मसाल्याच्या पुड्यांतही पाहावे. खोकल्याची काही औषधेही तेथे नियंत्रित यादीत आहेत. बाळाची औषधे मूळ बाटलीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत.

निघण्यापूर्वी लसीकरणाचे कार्ड तपासावे. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत देतात. डिसेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधून गोवराची साथ पसरली आणि शंभराहून अधिक लोकांना लागण झाली. त्यांत लस घेण्याच्या वयाआधीची तान्हीही होती. जगभरातील माणसे एका आवारात येतात तेथे असे घडू शकते. नऊ महिन्यांच्या आतील बाळ असेल तर आमचा सल्ला थांबण्याचा आहे. त्या वयात बाळाला काहीच आठवणार नाही, आणि आई-वडिलांचे लक्षही राइडवर नसेल.

पार्कात बाबागाडी भाड्याने मिळते, पण भाडे रोजचे असते. घडी होणारी हलकी बाबागाडी घरून न्यावी. बहुतेक विमान कंपन्या ती विनामूल्य नेतात. आयएमजी, किंवा अबुधाबीचे फेरारी वर्ल्ड आणि वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड ही ठिकाणे छताखाली आणि वातानुकूलित आहेत. उन्हाचा त्रास नाही, उलट तान्ह्याला स्वेटर लागतो. बाहेरच्या पार्कात दुपारी बारा ते चार मुलांना सावलीत किंवा मुक्कामावर ठेवावे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईच्या दुधाशिवाय पाणीही देत नाहीत. मोठ्यांच्या मुलांसाठी जीवनजलाची पाकिटे बरोबर असावीत. हाँगकाँग आणि सिंगापूरच्या पार्कांत हलाल प्रमाणपत्र असलेली उपाहारगृहे आहेत, पण लहान मुलाच्या पोटाला मऊ वरणभातच मानवतो. त्यासाठी चूल असलेला मुक्काम किंवा नातेवाईकाचे घर याला तोड नाही. नातेवाईकाच्या गाडीतून फिरणार असाल तर एक गोष्ट त्यांना आधीच कळवावी. अमिरातीत चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी गाडीत बालआसन सक्तीचे आहे, नसल्यास ४०० दिरहम दंड आहे.

पत्रकाच्या शेवटच्या पानावरील बारीक अक्षरेही वाचावीत. परदेशी सहलीच्या पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस हा कर सहल कंपनी गोळा करते. त्याचे दर आणि मर्यादा अनेकदा बदलल्या आहेत, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशीचा दर विचारावा. हा कर बुडत नाही. ज्याच्या नावावर भरला त्याच्या आयकर विवरणपत्रात तो वजा होतो किंवा परत मिळतो. म्हणून पैसे घरातील विवरणपत्र भरणाऱ्या माणसाच्या नावाने भरावेत. दादीच्या खात्यातून भरून मोकळे होऊ नये. प्रवास विमा प्रत्येक मुलाचा स्वतंत्र हवा. 'बाळ मोफत' म्हणणारी कंपनी बाळाच्या विम्याचे, व्हिसाचे आणि दहा टक्के भाड्याचे पैसे वेगळे मागते की नाही, हे लेखी घ्यावे.

पैसे भरण्याआधी रंगीत तालीम करता येते. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली सुरू झाले. कोरेगावहून ते मुंबईच्या वाटेवरच आहे. एका रात्रीचा मुक्काम करून मुलांना तेथे न्यावे. गाडीत किती वेळ बसतात, गर्दीत कशी वागतात, दुपारी कुठे झोपतात, हे एका दिवसात कळते. हजारांत होणारी ही परीक्षा लाखांचे नुकसान वाचवते. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले तेव्हा आपल्याकडून थेट मुंबईला सहली जात. आता तेवढे लांब जावे लागत नाही.

आमच्या व्यापारी मित्रांबरोबर आम्ही कागद घेऊन बसलो. पार्कचे तिकीट हिशेबापुरते माणशी ८,००० रुपये धरले. पत्रकाप्रमाणे तीन मोठ्या माणसांचे दोन दिवसांचे ४८,००० झाले. मुलीची उंची ९८ सेंटिमीटर भरली, म्हणजे उंची पाहणाऱ्या पार्कात ती फुकट आणि मोठ्या राइडलाही बाद. ज्या चुलत भावाने शारजाला बोलावले आहे त्याच्या घरी दादी आणि बाळ राहिले, आणि एकच दिवस आई-वडील मुलीला घेऊन गेले, तर तोच आकडा १६,००० वर येतो. मांडीवरच्या तिकिटात वाचणाऱ्या रकमेपेक्षा ही बचत मोठी आहे. ती बाळाच्या वयावर अवलंबूनही नाही.

त्यांनी पत्रकातील सहल घेतली नाही. मुलगी १०५ सेंटिमीटरची झाली की पुढच्या थंडीत, आल्याच्या आवकेच्या आधीचा आठवडा पाहून, स्वतःच तिकिटे काढून भावाकडे जायचे, असे ठरले आहे. दादी तोवर पायाचे दुखणे दाखवून घेणार आहेत. बाळाच्या जन्मदाखल्यात नावाची जागा अजून कोरीच होती. ते घालण्याचा अर्ज त्यांनी दुसऱ्याच दिवशी नगरपंचायतीत दिला.